मसल १.२.५ : सिरियल पोर्टवर काम करणाऱ्याचा अभिप्राय

मसल ही लिनक्सवरची सी लायब्ररी (सी भाषेतल्या प्रोग्रॅमांना लागणाऱ्या मूलभूत फंक्शनांचा संच) आम्ही आमच्या उत्पादनात वापरतो. ज्यांचा प्रोग्रॅम सिरियल पोर्ट, कॅमेरा, साउंड कार्ड अशा उपकरणांशी थेट बोलतो त्यांनी ती जरूर घ्यावी, असं माझं मत आहे. पाचपैकी चार. एक गुण का कापला तेही सांगतो, आणि ते सविस्तर सांगायला हवं, कारण मला स्वतःला ही लायब्ररी फार आवडते.

आमचं भोसरीत छोटं युनिट आहे. दुचाकीच्या गॅरेजसाठी डायग्नोस्टिक डबा बनवतो. गाडीच्या सॉकेटला वायर लावायची, ईसीयूमधले, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकातले, फॉल्ट कोड वाचायचे, मेकॅनिकच्या मोबाइलवर दाखवायचे. डब्यात एआरएमचा स्वस्तातला बोर्ड, त्यावर लिनक्स आणि सीमध्ये लिहिलेला एकच प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम गाडीशी जे काही बोलतो त्यातला कळीचा भाग आयऑक्टल (ioctl) या एका फंक्शनमधून जातो. त्यामुळे मसलचं स्ट्रिंग हाताळणं कसं आहे, मॅलॉक किती वेगवान आहे, थ्रेडचं काय, यावर मी बोलणार नाही. मी तिला एकाच जागी तपासलं आहे. उपकरणाला दिलेला हुकूम ती कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, कसा पोचवते?

आयऑक्टल जुनं आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ते पहिल्यांदा आलं. वाचणं आणि लिहिणं या दोन क्रियांत न बसणारं सगळं त्याच्या पदरात टाकलं गेलं: पोर्टचा वेग बदला, मॉडेमच्या रेषा वर-खाली करा, टर्मिनलची रुंदी सांगा, कॅमेऱ्याची पुढची फ्रेम द्या. प्रत्येक हुकमाला एक नंबर. जुने नंबर साधे आहेत, टर्मिनलची सेटिंग वाचायची तर हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा) ५४०१, लिहायची तर ५४०२. नंतरच्या नंबरांना मात्र ठरलेली रचना आली. बत्तीस बिटांपैकी खालचे आठ अनुक्रमांकाचे, पुढचे आठ उपकरणाच्या प्रकाराचे, त्यावर चौदा बिटांत सोबत जाणाऱ्या स्ट्रक्चरचा, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्याचा, आकार, आणि सगळ्यात वरच्या दोन बिटांत माहिती कुठून कुठे जाणार त्याची दिशा. पॉवरपीसी, मिप्स, स्पार्कवर ही वाटणी तेरा आणि तीन अशी आहे, पण कल्पना तीच. स्ट्रक्चरचा आकार नंबरातच कोरलेला असतो ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं उभं आहे.

आता आमच्या कामाकडे येतो. फ्युएल इंजेक्शनच्या ज्या गाड्यांत के-लाइन ही ईसीयूशी बोलायची तार आहे तिथे ईसीयूला जागं करण्याची एक पद्धत आयएसओ ९१४१ आणि १४२३० या मानकांत दिली आहे, पाच बॉडची सुरुवात. बरोबर वाचलंत, सेकंदाला पाच बिट. पत्ता हेक्स ३३ पाठवायचा असतो. आधी स्टार्ट बिट, मग एक एक शून्य शून्य एक एक शून्य शून्य, मग स्टॉप बिट. प्रत्येक बिट २०० मिलिसेकंद, म्हणजे सगळं मिळून दोन सेकंद. त्यानंतर ३०० मिलिसेकंदांच्या आत ईसीयू १०४०० बॉडने हेक्स ५५ पाठवतो, मागोमाग दोन की-बाइट. दुसऱ्या की-बाइटची उलटी प्रत आपण २५ ते ५० मिलिसेकंदांत परत पाठवायची आणि मग ईसीयूने हेक्स सीसी असं उत्तर दिलं की जोडणी झाली.

सिरियल पोर्टला पाच बॉडचा वेग कुणी देत नाही. म्हणून ब्रेक वापरतात. हेक्स ५४२७ हा हुकूम दिला की पोर्टची पाठवणारी रेषा खाली जाते आणि ५४२८ देईपर्यंत खालीच राहते. बिट शून्य असला की पहिला, एक असला की दुसरा, मध्ये घड्याळ पाहून थांबायचं. थांबताना ‘अजून २०० मिलिसेकंद’ असं न सांगता ‘अमुक वेळ होईपर्यंत’ असं सांगायचं, म्हणजे प्रत्येक बिटातला थोडाथोडा उशीर साठत नाही. के-लाइन एकतारी असते, त्यामुळे आपण जे पाठवतो ते आपल्याच कानावर परत येतं. ब्रेकचे ते पडसाद ५४०बी या हुकमाने झाडून टाकायचे आणि मग ५५ ची वाट बघायची.

या दोन सेकंदांत सी लायब्ररीने काय करावं? काहीही करू नये. माझी अपेक्षा इतकीच आहे, आणि मसल ती पूर्ण करते. तिचं आयऑक्टल उघडून वाचा, चहा संपायच्या आत फाइल संपते. तिसरं आर्ग्युमेंट काही का असेना, ती पॉइंटर म्हणून उचलते, कर्नलला सिस्टिम कॉल करते, एरर आली तर ती एर्नो या ठरलेल्या जागी टाकून निकाल परत देते. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर एवढंच उरतं, बाकीचा भाग कंपायलर पूर्ण काढून टाकतो. चांगल्या पोस्टमनसारखं आहे हे. पाकीट न फोडता पोचवायचं आणि पत्ता सापडला नाही तरच परत येऊन विचारायचं.

टर्मिनलची बाकीची फंक्शनंही तिने याच सरळपणे लिहिली आहेत. सगळे बाइट बाहेर पडेपर्यंत थांबायचं फंक्शन म्हणजे ५४०९ हा हुकूम, सोबत एक. ब्रेक पाठवायचं फंक्शन म्हणजे तोच हुकूम, सोबत शून्य. त्याला दिलेला कालावधी शून्याखेरीज काही असेल तर मानकाने तो ज्याच्या त्याच्यावर सोडला आहे, म्हणून आम्ही दुर्लक्ष करतो, असं कोडमध्येच एका ओळीत लिहून ठेवलंय. मी जेव्हा गॅरेजमध्ये एखाद्या गाडीसमोर बसून डब्याचा लॉग वाचत असतो तेव्हा मला नेमकं हेच हवं असतं. माझ्या ओळीत आणि कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये आणखी कोणी काही केलं आहे का, याचं उत्तर मला दोन मिनिटांत मिळतं.

इथपर्यंत सगळं छान. आता १०४००.

सिरियल पोर्टच्या वेगांची जी नावं वर्षानुवर्षं चालत आली आहेत त्यात ९६०० आहे, १९२०० आहे, ११५२०० आहे, पुढे लाखांतले वेगही आहेत. १०४०० नाही. स्टेजवरच्या दिव्यांना लागणारा डीएमएक्सचा २५०००० हाही नाही. कर्नलला मात्र कुठलाही वेग चालतो. त्यासाठी पोर्टची सेटिंग ठेवणारं टर्मिऑस-२ नावाचं वेगळं स्ट्रक्चर आहे, त्यात वेग सरळ आकड्यात लिहायचा आणि सेटिंगमध्ये ‘बी-अदर’ हा झेंडा लावायचा. मसलच्या वेग ठरवणाऱ्या फंक्शनला १०४०० दिलं की ते अवैध आर्ग्युमेंटची एरर देऊन मोकळं होतं. म्हणजे नेहमीचा रस्ता बंद, आणि हुकूम आपणच थेट द्यायचा.

तिथे दुसरी अडचण उभी राहते. टर्मिऑस-२ ची व्याख्या कर्नलच्या टर्मबिट्स या हेडरमध्ये (घोषणांच्या फाइलमध्ये) आहे, आणि त्याच हेडरमध्ये साध्या टर्मिऑसचीही कर्नलची स्वतःची व्याख्या आहे. लायब्ररीचं टर्मिऑस हेडर आणि हे, दोन्ही एका फाइलमध्ये घेतलं की एकाच नावाची दोन स्ट्रक्चरं होतात आणि कंपायलर तिथेच थांबतो. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे पण कुठे नीट लिहिलेला नसतो, म्हणून इथे लिहितो. वेग बदलणारं फंक्शन वेगळ्या सी फाइलमध्ये ठेवा. त्या फाइलमध्ये टर्मबिट्स आणि सिस-आयऑक्टल ही हेडरं घ्या, टर्मिऑस घेऊच नका. बाहेर फक्त एक घोषणा ठेवा: फाइलचा नंबर आणि वेग द्या, यश-अपयश परत घ्या. आत टर्मिऑस-२ वाचायचं, वेगाचे जुने बिट पुसायचे, झेंडा लावायचा, येण्याचा आणि जाण्याचा वेग १०४०० भरायचा, लिहायचं. लिहून झाल्यावर ते पुन्हा वाचायला विसरू नका. यूएआरटीचं, म्हणजे सिरियल पोर्टच्या चिपचं, घड्याळ त्या आकड्याला नेमकं भागलं जात नसेल तर ड्रायव्हर जवळचा वेग देतो, आणि प्रत्यक्षात काय मिळालं ते परत वाचल्यावर कळतं. कागदावर सगळं बरोबर असूनही ईसीयू गप्प बसला असेल तर मी पहिल्यांदा हा आकडा बघतो.

ग्लिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीतही हीच कसरत करावी लागायची, त्यामुळे बरीच वर्षं मसलला यात उणं धरायचं कारण नव्हतं. पण २०२५ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.४२ ने हा प्रश्न मुळातून सोडवला. आता तिथे वेगाचा प्रकार म्हणजे सरळ बॉडचा आकडा. १०४०० द्या, मिळतो. ९६०० चं नाव म्हणजे आतल्या आत १३ हा आकडा, ही जुनी भानगड गेली, आणि जुने बायनरी चालत राहावेत म्हणून जुनी फंक्शनं वेगळ्या आवृत्तीने जपून ठेवली. काम चोख आहे. मसलमध्ये हे नाही, माझ्यासारख्याला ते रोज लागतं, आणि कापलेल्या गुणाचा मोठा भाग याचा आहे.

उरलेला भाग एका शब्दाएवढ्या फरकाचा आहे. ग्लिबसीत आयऑक्टलचा हुकूम नंबर ‘अनसाइन्ड लाँग’ आहे. मसलमध्ये तो ‘इंट’, म्हणजे ऋण-धन चिन्हासह बत्तीस बिटांचा, आहे. मसलने इंट का घेतला त्याला आधार आहे, पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने आयऑक्टलची जी घोषणा दिली होती तिच्यात इंटच होता. अँड्रॉइडच्या बायोनिक या सी लायब्ररीनेही इंटच ठेवला. कर्नल स्वतः बत्तीस बिटांचा अनसाइन्ड घेतो, म्हणजे काहीही दिलं तरी शेवटी त्याला खालचे बत्तीस बिटच दिसतात आणि प्रोग्रॅम बरोबर चालतो.

अडतं ते कंपाइल करताना. टर्मिऑस-२ वाचायचा हुकूम घ्या. स्ट्रक्चर ४४ बाइटचं, म्हणून आकाराच्या जागी हेक्स २सी. प्रकार टी, म्हणजे ५४. अनुक्रमांक २ए. आणि माहिती कर्नलकडून आपल्याकडे येणार म्हणून सगळ्यात वरचा बिट एक. जोडून झालं हेक्स ८०२सी५४२ए. दशमानात २१५०३८८७७८. हा आकडा इंटमध्ये मावत नाही. चौसष्ट बिटांच्या यंत्रासाठी मसलवर हा हुकूम दिला की कंपायलर ओव्हरफ्लोचा इशारा देतो आणि लॉगमध्ये छापला तर -२१४४५७८५१८ दिसतो. एका बोर्ड विक्रेत्याने दिलेल्या कोडमध्ये ‘प्रत्येक इशारा म्हणजे एरर’ असा पर्याय मेकफाइलमध्ये पक्का बसवलेला होता. तिथे आमचं बिल्ड पहिल्याच फाइलवर अडलं आणि दुसऱ्याचा कोड आतून-बाहेरून चाळून प्रत्येक हुकमाला इंटचा कास्ट लावावा लागला. रस्टमध्ये लिहिणाऱ्यांनाही हा फरक झेलावा लागतो. तिथल्या लिबसी क्रेटने आयऑक्टलच्या हुकमासाठी वेगळं टोपणनावच ठेवलंय, मसलवर त्याचा अर्थ एक आणि ग्लिबसीवर दुसरा.

यातला सुरक्षेचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर मसल हा इंट सिस्टिम कॉलला देताना लाँगमध्ये रुंद करते, आणि ऋण आकडा रुंद झाला की वरचे बत्तीस बिट सगळे एक होतात. कर्नलच्या आयऑक्टलला फरक पडत नाही, पण सेककॉम्पच्या, म्हणजे प्रोग्रॅमला कुठले सिस्टिम कॉल करू द्यायचे ते ठरवणाऱ्या, गाळणीला आर्ग्युमेंट पूर्ण चौसष्ट बिटांचं दिसतं. तुमच्या गाळणीत ‘हुकूम बरोबर ८०२सी५४२ए असेल तर जाऊ द्या’ अशी चौसष्ट बिटांची तुलना असेल तर मसलवर बांधलेला प्रोग्रॅम तिथे अडेल. उलट बाजूने हे अधिक धोक्याचं आहे. २०१९ मध्ये ॲप बंदिस्त चालवणाऱ्या फ्लॅटपॅकमध्ये नेमकी या जातीची त्रुटी सापडली. टर्मिनलच्या इनपुटमध्ये परस्पर अक्षरं घुसवणारा ५४१२ हा हुकूम गाळणी अडवत होती, पण वरच्या बत्तीस बिटांत काहीतरी भरून दिलं की तुलना चुकायची आणि हुकूम सुटायचा. गाळणी लिहिताना फक्त खालचे बत्तीस बिट तपासा, लायब्ररी कुठलीही असो. ५४१२ हा हुकूम बंद करायची सोय लिनक्स ६.२ पासून कर्नलमध्येच आहे. आमच्या डब्यात तो बंद आहे, गाडीच्या कामात त्याचा काही उपयोग नाही.

पॉझिक्सच्या २०२४ च्या आवृत्तीतून आयऑक्टल काढून टाकलं गेलं. ते मानकात मुळात स्ट्रीम्स या जुन्या यंत्रणेसाठी होतं आणि स्ट्रीम्सच गेले. त्यामुळे ‘मानकात इंट आहे’ हा मसलचा आधार आता उरलेला नाही. तरी आता बदलला तर इंट गृहीत धरून लिहिलेला कोड अडेल, हेही मला समजतं. त्याच आवृत्तीत टर्मिनलचा आकार विचारायला आणि बदलायला वेगळी फंक्शनं आली आहेत, आणि उपकरणाला हुकूम द्यायला पॉझिक्स-डेव्हसीटीएल आलंय, ज्यात स्ट्रक्चरचा आकार वेगळा आर्ग्युमेंट म्हणून द्यावा लागतो. हे लोक वापरू लागले तर चांगलंच होईल.

आता मसलच्या आयऑक्टलमधला तो भाग, ज्याच्यामुळे माझा तिच्यावर जीव आहे.

बत्तीस बिटांच्या यंत्रावर वेळ मोजायचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो. गॅरेजमध्ये विकलेला डबा दहा-बारा वर्षं सहज चालतो, म्हणजे आमच्यासाठी २०३८ दूर नाही. मसलने २०२० मध्ये १.२.० ला बत्तीस बिटांच्या सगळ्या यंत्रांवर वेळ चौसष्ट बिटांची केली, पर्याय न ठेवता. ग्लिबसीने २.३४ ला, २०२१ मध्ये, तशी सोय दिली, पण ती मागून घ्यावी लागते. न मागितली तर जुनंच चालू राहतं.

आता लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. हुकमाच्या नंबरात स्ट्रक्चरचा आकार असतो. ज्या स्ट्रक्चरमध्ये वेळ आहे ते वेळ मोठी झाल्यावर मोठं झालं, आणि मोठं झालं म्हणून हुकमाचा नंबरही बदलला. कॅमेऱ्याकडून फ्रेम घेण्याचा हुकूम, साउंड कार्डची स्थिती विचारण्याचा हुकूम, नेटवर्क पॅकेटची वेळ विचारण्याचा हुकूम, सगळ्यांचे नंबर नवे. नवा कर्नल हे नवे नंबर ओळखतो. पण स्वस्त बोर्डांवर नवा कर्नल नसतो. विक्रेत्याने कधीतरी ४.९ किंवा तसलाच काही कर्नल दिलेला असतो आणि पुढे तो काही देत नाही. त्याला नवा नंबर दिला की उत्तर येतं: असला हुकूम या उपकरणाला लागू नाही.

मसल इथे थांबत नाही. तिच्या आयऑक्टलमध्ये एक तक्ता आहे: नवा नंबर, जुना नंबर, स्ट्रक्चरमध्ये वेळ कुठे कुठे बसते, आणि ते कर्नलकडे जातं, कर्नलकडून येतं की दोन्ही. नव्या नंबराला कर्नलने नेमकी तीच एरर दिली तरच ती तक्त्यात बघते. नंबर सापडला तर स्वतःकडच्या २५६ बाइटच्या जागेत जुन्या मापाचं स्ट्रक्चर बनवते, जुन्या नंबराने कर्नलला पुन्हा विचारते आणि आलेलं उत्तर नव्या मापात उलगडून तुमच्या हातात देते. तुमच्या प्रोग्रॅमला यातलं काही कळत नाही. आमच्याकडे कॅमेऱ्याचा एक छोटा प्रयोग चालू आहे, गाडीची नंबर प्लेट वाचून जॉब कार्ड आपोआप भरायचं. बोर्ड जुना, कर्नल जुना, लायब्ररी नवी. फ्रेम येतात, त्यांच्यावरची वेळ बरोबर असते. स्ट्रेस (strace) या सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनाने पाहिलं तर प्रत्येक फ्रेमला एक नकार आणि त्याच्याखाली जुन्या नंबराचा होकार अशा दोन ओळी दिसतात.

या रचनेत मला आवडतो तो तिचा क्रम. आधी कर्नलला नेमकं जे मागितलं तेच विचारायचं आणि नकार आला तरच हात घालायचा. नव्या कर्नलवर या सगळ्याचा खर्च शून्य. ग्लिबसीच्या पॉवरपीसीवरच्या आयऑक्टलमध्ये याच्या उलट क्रम आहे. तिथे टर्मिऑसचं लायब्ररीतलं माप कर्नलपेक्षा वेगळं, म्हणून टर्मिनलची सेटिंग वाचण्या-लिहिण्याचे हुकूम कर्नलला देण्याआधीच पकडून टर्मिनलच्या फंक्शनांकडे वळवले जातात.  दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की लायब्ररीने मध्ये कधी पडावं याचा अंदाज येतो.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. मसलवर कर्नलची हेडरं सोबत येत नाहीत. मसलवर बांधलेल्या अल्पाइन लिनक्सवर लिनक्स-हेडर्स पॅकेज वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर आरएस-४८५ चं स्ट्रक्चर ज्या हेडरमध्ये आहे तेच सापडत नाही. समोरची फाइल टर्मिनल आहे का हे ग्लिबसी २.४२ च्या आधी ५४०१ विचारून ठरवायची, मसल ५४१३, म्हणजे खिडकीचा आकार, विचारून ठरवते. ५४०१ हा नंबर साउंडच्या टायमरच्या हुकमांशी गल्लत करतो, जुना स्ट्रेसही त्या ओळीत दोन-तीन नावं ‘किंवा’ घालून छापायचा, म्हणून मला मसलची निवड बरी वाटते. पण ग्लिबसीवर तयार केलेली सेककॉम्पची यादी मसलवर नेताना ५४१३ ला परवानगी द्यायची आठवण ठेवा.

एरर २५ चा मजकूर मात्र मला ग्लिबसीचा पटतो. ती म्हणते, या उपकरणाला हा आयऑक्टल योग्य नाही. मसल म्हणते, हे टर्मिनल नाही. मानकातल्या नावाला धरून ते बरोबर आहे, पण कॅमेऱ्याच्या लॉगमध्ये ‘हे टर्मिनल नाही’ वाचून आमच्या सर्व्हिसच्या मुलाने वायर बदलायला घेतली तर त्याची काय चूक? आम्ही आमच्या लॉगमध्ये त्या एररपुढे हुकमाचा हेक्स नंबर आणि उपकरणाचं नाव छापतो. तुम्हीही छापा.

किंमत शून्य, परवाना एमआयटी. आमच्यासारख्यांना याचा अर्थ असा की पूर्ण प्रोग्रॅम लायब्ररीसकट एका बायनरीत बांधून डब्यात टाकता येतो आणि ग्लिबसीच्या एलजीपीएलमधल्या पुन्हा जोडून देण्याच्या अटी सांभाळाव्या लागत नाहीत. अपडेट म्हणजे एक फाइल बदलणं. २०११ पासून ती उपलब्ध आहे. राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सने २०१५ मध्ये तिला आपलंसं केलं, म्हणजे जगभरातल्या किती राउटरमध्ये ती शांतपणे चालते आहे याची कल्पना करा.

कुणी घेऊ नये? तुमच्याकडे विक्रेत्याने दिलेल्या तयार बायनरी लायब्ररी असतील, सोर्स नसेल, आणि त्या ग्लिबसीवर बांधलेल्या असतील तर मसलच्या वाटेला जाऊ नका, नुसती डोकेदुखी होईल. डेस्कटॉपवरचं मोठं सॉफ्टवेअर असेल तरी ग्लिबसीच बरी. आणि तुमचं सगळं काम विचित्र बॉड रेटवरच चालत असेल आणि बोर्डावर ग्लिबसी २.४२ मिळत असेल तर तिचाही विचार करा, तिथे ती दोन फायलींची कसरत उरलेली नाही.

आमच्या डब्यात मसलच राहणार आहे. पुढच्या एखाद्या आवृत्तीत वेग ठरवणाऱ्या फंक्शनने १०४०० हा आकडा सरळ स्वीकारला, नव्या कर्नलवर टर्मिऑस-२ वापरून आणि नसेल तिथे मुकाट जुन्या हुकमावर जाऊन, तर पाचवा गुण मी लगेच देईन. असं कसं करायचं हे तिला शिकवायला नको, कॅमेऱ्यासाठी तिने ते केलेलंच आहे.